फोंड्याच्या तळघरात ब्रागांझा घाट: कायमच्या मॉडेल रेल्वेची जुळवाजुळव

अंत्रुजकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ उतारावर आमचं घर आहे. रस्त्यावरून बघितलं तर एकच मजला दिसतो, मागे कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत) उतरलं की त्याखाली आणखी एक खोली दिसते. तिच्या तीन बाजूंना माती, चौथ्या बाजूला दार आणि दोन खिडक्या. आतून २४ फूट लांब, १६ फूट रुंद, ९ फूट उंच. नारळ, सुपारीची पोती आणि गणपतीवर टांगायच्या माटोळीचा सांगाडा यांची सोय वर पडवीत केली आणि ही खोली घरच्यांनी मला दिली, तीही कायमची.

त्यात मला कुळे ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाट, म्हणजे गोव्यातून कर्नाटकात चढणारा रेल्वेमार्ग, उभा करायचा आहे. घडी घालून पलंगाखाली सरकवायची फळी नको, वर्षानुवर्षं वाढत जाणारा पक्का लेआउट हवा. प्रमाण एचओ, म्हणजे १:८७, आणि रूळ १६.५ मिलिमीटरचे.

आकडे मांडायला बसलो तर पहिली अडचण दूधसागरचीच आली. धबधबा ३१० मीटरचा. त्याला ८७ ने भागलं तर साडेतीन मीटरच्या वर जातो आणि माझं छत पावणेतीन मीटरवर आहे. घाटाची लांबी साधारण २६ किलोमीटर, म्हणजे प्रमाणात ३०० मीटर रूळ. जसाच्या तसा घाट कुठल्याच घरात मावणार नाही, तेव्हा काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवणं आलं. १:३७ चा चढ मात्र मी गाळणार नाही. सदतीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर. त्या चढामुळेच गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं लागतात आणि त्यासाठीच मला हा घाट करायचा आहे.

पावसाला अजून महिना आहे. सुताराला सांगून ठेवलंय. मे महिन्यात टेबलं, जूनमध्ये रूळ असा बेत आहे. ज्यांनी असलं काही केलंय, किंवा ज्यांना लाकूड, वीज, बांधकाम यातलं कळतं, त्यांनी मोकळेपणाने लिहावं.

मीटरगेज

वा! या घाटावर नोकरीची बरीच वर्षं गेली, त्यामुळे वाचताना अंगावर काटा आला. एक प्रश्न आधी विचारतो: काळ कुठला धरणार? १८८८ मध्ये मुरगावची लाईन घाट चढून वर जोडली गेली तेव्हापासून नव्वदीच्या दशकापर्यंत ती मीटरगेज होती. माझ्या डोळ्यांसमोर घाट येतो तो वायडीएम-४ डिझेल इंजिनांचा, खनिजाच्या वाघिणींचा. ब्रॉडगेज केलं तर डब्ल्यूडीजी-४ डिझेलचे बँकर आणि लांब डबे. दोन्हींचा डौल वेगळा.

अंत्रुजकर (धागाकर्ता)

काका, मन मीटरगेजकडेच ओढतं. एचओमध्ये मीटरगेजला १२ मिलिमीटरचे रूळ लागतात. ते मिळतील, पण त्यावर चालणारी आपल्याकडची इंजिनं आणि डबे सगळे हातानेच बनवावे लागतील. ब्रॉडगेजलाही तडजोड आहेच. आपलं १६७६ मिलिमीटर गेज ८७ ने भागलं की १९ मिलिमीटरच्या वर जातं, आणि सगळं जग १६.५ वर चालतं. म्हणजे डबा बरोबर, पण खालचा रूळ किंचित अरुंद. भारतातले बहुतेक हौशी लोक ती तडजोड स्वीकारतात, मीही स्वीकारणार. काळ साधारण २०१० च्या पुढचा, विद्युतीकरणाच्या आधीचा, डिझेलचा.

चिरेबंदी

अंत्रुजकरभाऊ, बेत वाचून आनंद झाला, पण सुताराला थांबवा. जूनमध्ये रूळ टाकू नका.

मी बांधकामातला माणूस. तीन भिंती मातीत असलेली चिऱ्याची (जांभा दगडाची) खोली एक पूर्ण पावसाळा रिकामी बघितल्याशिवाय तिच्यात काहीही कायमचं बसवू नये, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. चिरा सच्छिद्र असतो. वरच्या बाजूची माती भिजली की ते पाणी तुमच्या मागच्या भिंतीवर टेकून उभं राहतं आणि मिळेल त्या सांध्यातून आत येतं. तुमचं कुळागर खालच्या अंगाला आहे हे चांगलं, पाण्याला निघून जायला वाट आहे. पण ती वाट त्याला करून द्यावी लागेल.

आधी हे बघा की भिंतीवरची ओल बाहेरून झिरपते की आतल्या हवेतली बसते, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस सोडून द्या. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी बाहेरून येतंय. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतलं बाष्प गार भिंतीवर बसतंय. प्रत्येक भिंतीवर खाली एक, वर एक असे तुकडे लावा. पाऊस चांगला मुरल्यावर, म्हणजे जुलैत, पुन्हा करा. मे महिन्यातला निकाल धरून चालू नका.

बाहेरून येत असेल तर आतून वॉटरप्रूफ रंग मारून उपयोग नाही. पाण्याचा दाब मागून असतो, एकदोन पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे सुटतात. भिंतीच्या बाहेरून, पायाच्या पातळीपर्यंत चर खणा. तळाला भोकं असलेला पीव्हीसी पाईप उतार देऊन टाका, भोवती खडी भरा आणि खडीभोवती जिओटेक्स्टाईल कापड गुंडाळा, नाहीतर मातीचा गाळ भोकं बुजवतो. पाईपचं दुसरं तोंड कुळागरात सोडा. पागोळ्यांचं पाणी मात्र या चरात जाऊ देऊ नका, त्याला वेगळं गटार करा.

आणि पावसात खिडक्या बंद ठेवा. हे लोकांना पटत नाही. बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेतलं बाष्प साधारण २५ अंशांवर दंव होऊन बसतं. मातीत गाडलेली भिंत तेवढीच गार असते. खिडकी उघडून "हवा खेळती" ठेवली की ती ओली हवा आपणच आत बोलावतो.

अंत्रुजकर (धागाकर्ता)

चिरेबंदीदादा, सुताराला निरोप दिला. चवथीपर्यंत खोली रिकामी. भिंतीवर प्लास्टिकचे तुकडे लावलेत आणि आर्द्रता मोजायला हायग्रोमीटर टांगलाय. तोवर कागदावरचं काम चालू ठेवू.

पुणेकर पाहुणा

मी गोव्याचा नाही, पण माझं सासर डिचोलीला. कोथरूडमध्ये जोशी यांचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. तिथे लहानपणापासून जात आलोय. कायमचा लेआउट काय असतो हे बघायला एकदा जरूर या. हॅम्बुर्गचं मिनिआटूर वुंडरलँड २००१ मध्ये सुरू झालं, ते तर एचओचा महासागर, पण पुण्यात एका माणसाच्या ध्यासातून उभं राहिलेलं काम जवळून बघता येतं.

तिथे बघताना सजावटीच्या आधी हे बघा की बिघाड झाला तर माणसाचा हात कुठवर पोहोचतो. हा मला सर्वांत मोठा धडा वाटतो. घरच्या लेआउटमध्ये कडेपासून पाऊण मीटरच्या पलीकडे रूळ ठेवू नका. लेआउट उंचावर असेल तर त्याहून कमी. आणि चालायची वाट किमान अडीच फूट ठेवा, दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाणार असतील तर तीन.

उंची कशी मिळवणार? हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारखा गोल गोल वर चढणारा रूळ, करणार का? ६० सेंटीमीटर त्रिज्येच्या एका फेऱ्यात रूळ होतात पावणेचार मीटरच्या थोडे वर. अडीच टक्के चढ धरला तर एका फेऱ्यात साडेनऊ सेंटीमीटर उंची मिळते. गाडी आणि वरच्या फेऱ्याची प्लाय धरून तेवढी लागतेच.

अंत्रुजकर (धागाकर्ता)

हेलिक्स नको असं माझं मत होत चाललंय. खोलीच्या भिंतींना धरून एक फेरा घेतला तर साधारण २२ मीटर रूळ होतात. त्यात दोन्ही स्टेशनं सपाट ठेवली आणि १५ मीटरवर १:३७ चा चढ दिला तर ४० सेंटीमीटर उंची सहज मिळते. कुळे १०५ सेंटीमीटरवर, कॅसलरॉक १४५ वर. फेरा पूर्ण होतो तेव्हा कॅसलरॉक कुळ्याच्या बरोबर डोक्यावर येतं, एकाच भिंतीवर दोन मजले. सगळा चढ डोळ्यांसमोर राहतो. हेलिक्समध्ये गाडी खोक्यात शिरते आणि बराच वेळ दिसतच नाही, आणि माझ्या घाटात तर चढच बघायचा आहे.

पुणेकर पाहुणा

पण मग गाडी गोल फिरत राहणार नाही. पाहुणे आले, पोरं आली की त्यांना फिरणारी गाडी बघायची असते. दर वेळी कॅसलरॉकला थांबून इंजिन उलटं लावत बसणार का? कोपऱ्यात छोटा हेलिक्स ठेवला तर वरून खाली यायची सोय होईल.

मीटरगेज

पुणेकर, तुमचं म्हणणं समजलं, पण माझं मत धागाकर्त्याच्या बाजूने. या घाटात गाडी फिरत नाही. ती कुळ्याला थांबते, मागे बँकर लागतात, ब्रेकचा दाब बघितला जातो, पुढच्या आणि मागच्या लोको पायलटचं बोलणं होतं आणि मगच गाडी सुटते. वर पोहोचल्यावर बँकर सुटतात आणि खालची पुढची गाडी धरायला उतरतात. उतरणाऱ्या गाडीची ब्रेकची तपासणी झाल्याशिवाय तिला घाटात सोडत नाहीत. दोन माणसं, एक कुळ्याला आणि एक कॅसलरॉकला, दिवसभर हेच करत राहिली तरी कंटाळणार नाहीत. पोरांना बँकर चालवायला द्या, गोल फिरणाऱ्या गाडीकडे परत वळून बघणार नाहीत.

अंत्रुजकर (धागाकर्ता)

ठरलं. हेलिक्स नाही. दोन टोकांची लाईन, दोन्ही टोकांना इंजिन पुढून मागे घ्यायला लूप. दारासमोरून रूळ जातो तिथे उचलून बाजूला ठेवता येईल असा तुकडा.

रंधा

मी डिचोलीला फर्निचरचं काम करतो. आता माझा प्रांत आला म्हणून लिहितो.

प्लाय घेताना आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, म्हणजे मरीन ग्रेड. नुसतं "वॉटरप्रूफ" म्हणून दुकानदार देतो ते बहुतेक वेळा आयएस ३०३ असतं. ते स्वयंपाकघराला चालतं, तुमच्या खोलीला नको. वरच्या पाट्याला १२ मिलिमीटर पुरे, पण खालून दर ४० सेंटीमीटरवर आडवी पट्टी हवी. सांगाड्याला जुन्या घराचं माटीचं लाकूड मिळालं तर उत्तम, ते वाकायचं तेवढं वाकून झालेलं असतं. नवं ओलं लाकूड अजिबात घेऊ नका. पावसात फुगेल, उन्हाळ्यात आखडेल, आणि तुमचा रूळ त्याबरोबर वरखाली होईल. धातूच्या रुळापेक्षा लाकडाची हालचाल जास्त त्रास देते. कापलेल्या प्रत्येक कडेला सीलर मारा, प्लाय पाणी पिते ती कडेनेच. सहाही बाजू झाल्याशिवाय पाटा सांगाड्यावर चढवायचा नाही.

सांगाडा भिंतीला ठोकू नका. भिंतीपासून चार बोटं सोडून, स्वतःच्या पायांवर उभा करा. पायांच्या तळाला बोल्टचे फिरते पाय लावा, त्यांच्याखाली नायलॉनची चकती. पातळीही नीट लावता येईल आणि जमिनीतली ओल लाकडात चढणार नाही. वाळवीचं औषध लाकडाला आधी, जोडणीनंतर नाही.

आणखी एक. कायमचा असला तरी सहा-सहा फुटांच्या भागांत करा आणि भाग बोल्टने जोडा. उद्या मागची भिंत उकरायची वेळ आली तर करवत लावावी लागू नये.

चिरेबंदी

रंधाभाऊंच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा.

अंत्रुजकर (धागाकर्ता)

रंधाभाऊ, भागांचं म्हणणं आधी मनाला पटत नव्हतं, कारण प्रत्येक जोडावर रूळ तोडावा लागतो. पण भिंतीचा विचार केला तर तुम्ही म्हणता तेच बरोबर. जोडाच्या दोन्ही बाजूंना रूळ पितळी स्क्रूच्या डोक्याला डाग देऊन पक्का करीन, म्हणजे कापलेली टोकं हलणार नाहीत.

सर्किट

विजेचं थोडक्यात लिहितो. खोली जमिनीखाली आणि ओलसर, तेव्हा सर्वांत आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), फक्त या खोलीसाठी वेगळा. यात काटकसर नको. पावसात आपल्याकडे वीज किती वेळा जाते-येते ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कंट्रोलरला सर्ज प्रोटेक्टर आणि छोटा यूपीएस द्या. गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा.

चालवायला डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलच घ्या. रुळात १४-१५ व्होल्ट कायम असतात आणि प्रत्येक इंजिनाला त्याच्या नंबरने हुकूम जातो. बँकरसाठी दुसरा मार्गच नाही, कारण एकाच रुळावर पुढे एक आणि मागे दोन इंजिनं एकाच वेळी चालवायची आहेत. तयार सिस्टीम महाग पडते. आयात खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. मॉडेल रेल्वेची गणना त्याच वर्गात होते, म्हणून बाहेरून काहीही मागवण्याआधी हिशेब करा. आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर चालणारं डीसीसी-ईएक्स हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, तुमच्यासारख्या लेआउटला ते पुरतं.

लेआउटखाली अडीच स्क्वेअर एमएमची जोडतार पूर्ण फेरा फिरवा आणि दर मीटरला तिच्यातून बारीक तार वर काढून रुळाला डाग द्या. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबू नका. समुद्राची हवा आणि ओल यांनी त्या आतून काळ्या पडतात आणि मग गाडी नेमकी घाटात अडते. सगळं जोडून झालं की एक रुपयाचं नाणं घेऊन दर फूट-दीड फुटावर दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. प्रत्येक ठिकाणी कंट्रोलरने तत्काळ वीज तोडली पाहिजे. जिथे तोडली नाही तिथे तार कमी पडतेय असं समजा. दारासमोरच्या उचलत्या तुकड्याला मायक्रोस्विच लावा. तुकडा जागेवर नसेल तर दोन्ही बाजूंचा हातभर रूळ मेलेला राहिला पाहिजे, नाहीतर इंजिन सरळ फरशीवर येईल.

पेडण्याची जाई

मी मंदिरांच्या आणि जुन्या घरांच्या प्रतिकृती करते, रेल्वेचा अनुभव नाही. पण डोंगर, माती, झाडं याबद्दल लिहिते.

दूधसागर अर्ध्याहून कमी उंचीत बसवावा लागणार. पूल साधारण १२५ सेंटीमीटरवर येतो असं धरू. वर २१० पर्यंत कडा, खाली ६० पर्यंत दरी, म्हणजे दीड मीटर. प्रमाणात हवं त्याच्या ४० टक्क्यांच्या थोडं वर. पण माणसाच्या डोळ्याला ते भव्य दिसेल, कारण पुलाच्या खालीही पाणी पडताना दिसेल आणि वरही. पुलाजवळची झाडं एचओच्या मापाची ठेवा आणि जसजसे वर जाल तसतशी लहान करत न्या. कड्याच्या माथ्यावर एन स्केलची, १:१६० ची झाडं. रंगही वर जाताना फिकट, थोडा निळसर. त्या दीड मीटरचे तीन मीटर दिसतील.

खरं पाणी खेळवायचा मोह होईल. करू नका, आपण सगळे इथे पाणी बाहेर काढायच्या मागे आहोत. पारदर्शक सिलिकॉनचे उभे धागे प्लास्टिकवर ओढून वाळवायचे, सोलून घ्यायचे आणि कड्यावर चिकटवायचे. फेसासाठी पॉलिएस्टरचे तंतू. कापूस नको, लाकडाचा भुसा नको, रानातलं शेवाळ नको. जे जे झाडापासून आलंय त्याला आपल्या पावसात बुरशी धरते.

डोंगराचा गाभा एक्सपीएस फोमचा (दाट, कडक फोम) करा, थर्माकोल भुरभुरतो. आणि फोम असो की थर्माकोल, सॉल्व्हंटवाला गोंद लावला की तो विरघळतो. साधा पांढरा फेव्हिकॉल वापरा.

अंत्रुजकर (धागाकर्ता)

जाईबाय, देव बरें करूं. झाडं लहान करत नेण्याची कल्पना फार आवडली. मातीसाठी मी घरामागचा चिऱ्याचा चुरा चाळून ठेवलाय, आणि रुळाखालच्या खडीसाठी क्रशरवरची काळ्या दगडाची भुकटी. खरी खडी २०-६५ मिलिमीटरची असते, म्हणजे आपल्याला पाव ते पाऊण मिलिमीटरचा दाणा हवा. दोन गाळण्या लावून तो मिळतोय.

पेडण्याची जाई

चाळलेली भुकटी धुवा, वाळवा, आणि मग कागदावर पसरून तिच्यावरून चुंबक फिरवा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घ्या म्हणजे चिकटलेलं झटकता येतं.

सर्किट

जाईताईंनी सांगितलेली गोष्ट सगळ्यांनी लिहून ठेवावी. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतं. खडीत लोहाचा एक कण जरी मोकळा राहिला तरी तो उडून मोटरमध्ये शिरतो.

अंत्रुजकर (धागाकर्ता)

आत्ता करून बघितलं. चिऱ्याच्या लाल चुऱ्यावरून चुंबक एकदा फिरवला तर पिशवीच्या तळाला काळ्या बारीक कणांची दाट मिशी उभी राहिली. पिशवी उलटी करून झटकली, पुन्हा फिरवला, पुन्हा तेवढीच. चौथ्या-पाचव्या खेपेला कमी झाली. काळ्या दगडाच्या भुकटीतही निघाले, पण थोडे. खाणींच्या तालुक्यांजवळ राहणाऱ्यांनी तर हे न चुकता करावं. लाल चुरा मी फक्त रस्त्याला आणि डोंगराच्या अंगाला वापरणार, रुळाजवळ नाही.

अंत्रुजकर (धागाकर्ता)

जुलै अखेरची खबर. प्लास्टिकच्या तुकड्यांपैकी मागच्या लांब भिंतीवरच्या खालच्या तुकड्यामागे थेंब आले, भिंतीकडच्याच बाजूला. आखूड भिंतींवर आतल्या बाजूला दव. म्हणजे दोन्ही रोग आहेत. मे महिन्यात हेच तुकडे अगदी कोरडे होते. मागच्या भिंतीला बाहेरून चर घ्यायचं ठरवलंय, पाऊस ओसरला की गडी येणार. आत हवेतली ओल काढणारा डीह्युमिडिफायर आणलाय, त्याची नळी थेट बाहेर सोडली आहे. खिडक्या बंद ठेवल्यावर आर्द्रतेचा आकडा नव्वदीच्या घरातून खाली येऊन ५५ च्या आसपास टिकतो. वीज गेली की दोनेक तासांत पुन्हा चढायला लागतो.

चिरेबंदी

छान. ५५ टिकत असेल तर लाकडाला त्रास नाही. तो आकडा वर्षभर सारखा ठेवायचा प्रयत्न करा, उन्हाळ्यात ४० आणि पावसात ८० असं होऊ देऊ नका. चर झाल्यावर वरच्या मातीला घरापासून बाहेरच्या बाजूला उतार द्यायला विसरू नका.

मीटरगेज

घाटाची वळणं किती त्रिज्येची ठेवणार? मागून ढकलताना गाडी वळणावर बाहेर फेकली जाते, हे खऱ्या घाटातही सांभाळावं लागतं.

अंत्रुजकर (धागाकर्ता)

काका, एलएचबी (नव्या धर्तीचा प्रवासी) डबा साडेतेवीस मीटरचा, प्रमाणात २७ सेंटीमीटर. त्रिज्या डब्याच्या तिप्पट धरतात, म्हणजे ८१ सेंटीमीटर. चारही कोपऱ्यांत तेवढी बसते. आठ डब्यांची गाडी धरलीय, डबेच सव्वादोन मीटर झाले. दोन्ही स्टेशनांचे लूप तीन मीटरच्या वर ठेवलेत. डब्यांचं वजनही वाढवणार. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओच्या डब्याला एक औंस आणि वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे माझ्या डब्याला १८० ग्रॅमच्या जवळपास. हलका डबा मधे आला आणि मागून रेटा बसला की तोच आधी उचलला जातो.

चढाची चाचणी खोली तयार व्हायच्या आधीच वरच्या सोप्यात घेतली. मीटरभर लांब फळीचं एक टोक २७ मिलिमीटर उचललं की १:३७ होतो. तशा तीन फळ्या जोडल्या. एका इंजिनाने वजन भरलेले चार डबे ओढले, पाचव्याला चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मागे दुसरं इंजिन लावलं आणि आठही डबे गेले. काका, बँकर शोभेपुरते लावायचे नाहीत, लागणारच आहेत!

मीटरगेज

हे वाचून फार बरं वाटलं. आता मागचं आणि पुढचं इंजिन एकाच वेगाने चालतंय का ते बघा. मागचं जोरात असेल तर मधले डबे कोंडतात.

सर्किट

त्यासाठी डीकोडरमध्ये, म्हणजे इंजिनातल्या हुकूम वाचणाऱ्या चिपमध्ये, सीव्ही (सेटिंग) २, ५ आणि ६ बदला. २ म्हणजे सुटतानाचा वेग, ५ सर्वांत जास्त, ६ मधला. दोन्ही इंजिनं एकाच रुळावर, एकमेकांना न जोडता, वीतभर अंतर ठेवून एका मागोमाग सोडा. अंतर वाढलं किंवा घटलं की मागच्याचे आकडे बदला, पुढच्याला हात लावू नका. सपाटीवर जुळलं की फळीच्या चढावर पुन्हा बघा. मागचं इंजिन पुढच्यापेक्षा केसभर मंद राहिलेलं बरं.

रंधा

चवथीनंतर माझ्याकडे थोडी उसंत आहे. प्लाय डिचोलीहून एकदम आणलं तर भाडं वाचेल. मापं पाठवा. सहा फुटांच्या भागांचं मी दुकानातच कापून, सीलर मारून आणतो, तुमच्या खोलीत धूळ नको.

अंत्रुजकर (धागाकर्ता)

रंधाभाऊ, मापं आज रात्री व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. चर आधी, मग भिंत सुकायला वेळ, मग तुमचे भाग. कुळ्याच्या बाजूचे दोन भाग पहिल्यांदा करू, लूपचे सांधे तिथेच आहेत. जाईबाय, पुलाच्या भागाला मागचा पाटा किती उंच हवा ते सांगून ठेवा, कापतानाच एका तुकड्यात काढून घेऊ.

पेडण्याची जाई

जमिनीपासून ६० ते २१० सेंटीमीटर, रुंदी किमान चार फूट, आणि दोन्ही वरचे कोपरे गोल. कोपरा काटकोनात राहिला की तिथे सावली पडते आणि आकाश मोडतं.